एका हाताचं जातं

११ जानेवारी

नारिथ,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आणि सोबतचा डबा फ्नोम पेन्हच्या व्हॅनवाल्याच्या हाती देतेय. घाबरू नकोस, घरचं काही लिहीत नाही. मी काम्पोतच्या मिरी बागायतदार संघाची अध्यक्ष म्हणून लिहितेय, तू लेथवर काम करणारा कारागीर म्हणून वाच. बहीण-भाऊ सहा वर्षं बाजूला राहिलेत, अजून थोडे दिवस राहिले तर आभाळ कोसळणार नाही.

संघाला जेवणाच्या टेबलावर ठेवायचं मिरीचं जातं बनवून हवंय. बाजारात मिळतात ती मी सगळी पाहिलीत. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ती बुद्धिबळातल्या वजिरासारखी ताठ उभी असतात. वेटर ते काखेत घेऊन येतो, पाहुण्याच्या ताटावर दोन्ही हातांनी पिळतो आणि पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत अवघडून हसत राहतो. खाली ठेवलं की टेबलावर काळं कडं उमटतं. गरम कालवणावर धरलं की वाफ आत शिरते आणि मिरीचा चिखल होतो. नांगर करणारा शेतकऱ्याला विचारतो, जाळं विणणारा कोळ्याला विचारतो. आपली मिरी इतक्या पिढ्या जगाच्या ताटांत पडतेय, पण ती दळायचं हत्यार करताना एकदा तरी कुणी मिरीवाल्याच्या दारात येऊन 'बाई, तुम्हाला कसं हवंय?' असं विचारलं का? नाही विचारलं! मग आपणच आपल्याला विचारू.

तर मला असं हवंय. जातं टेबलावर घट्ट बसलं पाहिजे. घास बुडवायची वाटी त्याच्या खाली सरकली पाहिजे, म्हणजे आधी मिरी कोरडी पडेल आणि मीठ-लिंबू नंतर घालता येईल. जाड-बारीक करता आलं पाहिजे. आणि ते एका हातानं चाललं पाहिजे. डाव्या. का म्हणशील, तर पर्यटकांच्या उजव्या हातात हल्ली कायम मोबाइल असतो.

डब्यात चाचणीसाठी मिरी आहे, पहिल्या प्रतीची, आपल्या लाल मातीतली. माझ्या हातानं निवडलीय.

थावी


२ फेब्रुवारी

नारिथ,

जातं मिळालं. सोबत एक अक्षर नाही. ठीक आहे, कारागिराची वस्तू बोलते म्हणतात. पण ही वस्तू खोटं बोलते.

पितळेचं अंग सुरेख आहे. दळतंही छान. पण अंग एका मुठीत धरायचं आणि टोपी दुसऱ्या हातानं फिरवायची! तू माझी अट वाचलीच नाहीस, की वाचून हसलास? मी ते टेबलावर ठेवून एकट्या डाव्या हातानं फिरवून पाहिलं. ते भोवऱ्यासारखं गरागरा फिरत माशाच्या चटणीच्या भांड्यात जाऊन पडलं. मिंग रीम शेजारीच बसली होती. आपली आत्या कशी आहे, तुला माहीत आहे.

"काय गं," म्हणाली, "दळायला आणलंय की नाचायला?"

हसू नकोस. मला लोकांच्या एका गोष्टीची चीड येते. वस्तू बनवणारा स्वतःच्या शरीराला जगाचं माप समजतो. त्याला दोन हात आहेत म्हणजे सगळ्यांना आहेत. जिना बांधणारा नेहमी तरुण असतो आणि चढणारा म्हातारा. मग म्हातारा धापा टाकतो तेव्हा आपण म्हणतो, याचे गुडघे गेले. जिना चुकला असं कुणी म्हणत नाही.

पाहिजे तर तळाला चार किलोचा दगड लाव, पण एका हाताचं कर. आमच्याकडे खलाखाली ओलं फडकंसुद्धा घालून झालं. त्यानं भागत नाही.

थावी


१९ फेब्रुवारी

नारिथ,

व्हॅनवाल्यानं तुझी चिठ्ठी दिली. सहा वर्षांनी तुझ्या हातचं एक वाक्य: "खलाखाली फडकं कुणासाठी घातलंत?"

पांसाठी. आपल्या बापासाठी.

गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाय ओढत चालतात, जीभ मात्र शाबूत आहे. इतकी शाबूत, की शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "त्याला कळवलंस तर याद राख." मी कळवलं नाही. त्यांची आज्ञा पाळली असं तुला वाटेल, पण मला आज्ञा पाळायची सवय नाही हे तू जाणतोस. तुला कळवलं आणि तरीही तू आला नाहीस, तर? तेवढं मला पाहवलं नसतं.

आता तुला खलाचं सांगायला हवं. आपल्या घरात कशी रीत आहे, आठवतं ना? दगडी खल टेबलाच्या मधोमध असतो. आधी पा आपल्या वाटीपुरती मिरी कुटतात, मग खल हातोहात पुढे जातो, ज्याची त्यानं कुटायची. दुसऱ्याच्या वाटीत मिरी कुटून देणं म्हणजे त्याला तान्हं बाळ समजणं. पांची मिरी कुटून झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. याच टेबलाशी तू म्हणाला होतास की मला वेलींच्या खांबांमध्ये जन्म काढायचा नाही, आणि ते म्हणाले होते, मग या टेबलाशी बसू नकोस.

झटक्यानंतर ते पहिल्यांदा टेबलाशी आले तेव्हा आम्ही सगळे फार मोठ्यानं बोलत होतो. त्यांनी डाव्या हातात बत्ता धरला. खल धरायला दुसरा हात नव्हता. पहिल्याच घावाला खल उडाला आणि मिरी सगळ्यांच्या भातात जाऊन पडली. मिंग रीमचा मुलगा, सून, नातवंडं, सगळे बसले होते. मी गडबडीत म्हणाले, "द्या पा, मी कुटते."

नारिथ, मी हजार माणसांसमोर न अडखळता बोलते. त्या चार शब्दांइतकं वाईट भाषण मी आयुष्यात केलेलं नाही.

ते उठले आणि मागच्या चुलीपाशी जाऊन बसले. तेव्हापासून तिथेच जेवतात, मिरीशिवाय. ज्या माणसानं उभा जन्म मिरी पिकवली तो अळणी भात आणि मासा खातो. खलाखाली ओलं फडकं घातलं तर म्हणाले, "खलाला लंगोट नेसवलास होय?" हात थरथरतो, बत्ता कडेवर बसतो, खल हलला नाही तरी दाणे उडतात.

इकडे टेबलाशी आता पहिला घास कुणी घ्यायचा, कुणालाच कळत नाही. मुलं ताटं घेऊन ओट्यावर जातात, मी उभ्याउभ्या खाते. टेबल आहे, पण घरात जेवण होत नाही.

पर्यटकांचं खोटं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. एप्रिलमध्ये नवं वर्ष आहे. सगळे नातलग येतील. तेव्हा पा चुलीपाशी बसले तर ते कायमचे तिथलेच होतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. माणूस एकदा कोपऱ्यात बसला की लोक त्याला कोपऱ्याचाच समजायला लागतात, आणि मग तोही.

थावी


२६ मार्च

नारिथ,

हे तुला सुचलं कसं?

मी चार वेळा उघडून पाहिलं. वरून तळव्यानं दाबलं की आतला दांडा पिळाच्या खाचेतून फिरत खाली जातो, सोडलं की स्प्रिंगनं वर येतो. पकडायचं नाही, पिळायचं नाही. तट्टासारखे आखूड चार पाय, पोटाखाली वाटी बसते. दात वाफेपासून दूर. मी डोळे मिटून डाव्या तळव्यानं दाबलं आणि वाटीत मिरी पडल्याचा आवाज ऐकला. कोरड्या पानांवर सरडा धावावा तसा.

पुढाऱ्यांना वाटतं, माणसाचा मान भाषणांत असतो. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून अधिकारानं सांगते की तसं नाही. मान असतो खुर्चीच्या उंचीत, दाराच्या उंबऱ्यात, भांड्याच्या मुठीत.

तू पाठवलेल्या जात्यात मी संघाच्या भांडारातली निवडक मिरी घालून दोन दिवस दळून पाहिली. एकदाही अडकलं नाही. पांना अजून दाखवलेलं नाही. नव्या वर्षाच्या जेवणाला त्यांच्या जागेसमोर नुसतं ठेवून देणार, एक शब्द न बोलता. हो, मीसुद्धा गप्प राहू शकते.

थावी


१६ एप्रिल

नारिथ,

नाही जमलं.

पा आले होते. मिंग रीमनं आणलं. चुलीपाशी जाऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाँग, मी तुमची धाकटी बहीण, मला अजून तीस वर्षं जगायचंय. तुम्ही इथे बसलात तर मी पण इथेच बसणार, आणि मी जेवताना किती बडबडते ते तुम्हाला ठाऊक आहे." ते उठले. स्वच्छ सदरा घालून आले, आपल्या जागी बसले. टेबलाभोवती चौदा माणसं. समोर जातं.

त्यांनी ते निरखलं. विचारलं, "हे काय?"

मी म्हणाले, "मिरीचं आहे. वरून दाबायचं."

त्यांनी तळवा ठेवला, दाबलं. मिरी पडली, नारिथ! पडली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, वाटीकडेच पाहत होते. दुसऱ्यांदा दाबलं, पडली. तिसऱ्यांदा दांडा अर्ध्यावर थांबला. त्यांनी जोर लावला. पुन्हा लावला. खांदा थरथरायला लागला, मानेची शीर फुगली, तरी दांडा हलेना. मिंग रीमच्या नातवानं हात पुढे केला. त्याच्या आईनं तो चापटी मारून मागे ओढला आणि त्या चापटीचा आवाज सगळ्या टेबलाला ऐकू आला.

पांनी हात काढून घेतला. "जेवा," म्हणाले आणि उठले.

आम्ही जेवलो. नव्या वर्षाचं जेवण होतं, टाकून द्यायचं कसं?

मी आत्ता रागानं लिहितेय, तेव्हा माझ्या शब्दांना फार महत्त्व देऊ नकोस. पण तुझं जातं दोन दिवस माझ्यासमोर सुरळीत चाललं आणि पांच्या हाताखाली तिसऱ्या दाबाला अडलं. असं का व्हावं?

थावी


२१ एप्रिल

नारिथ,

दोष तुझ्या जात्याचा नव्हता. माझा होता, आणि तो सांगताना मला पोटातून हसू येतंय, कडवट हसू.

मी जातं खोलून आतली मिरी ताटात ओतली. मोठे दाणे, ज्वारीएवढे बारके दाणे, फुटके, चपटे, पोकळ, दोन देठ. बारके दाणे दातांच्या फटीतून तसेच निसटले होते. देठ आडवा अडकला होता आणि मोठा दाणा त्याच्यावर पाचरीसारखा बसला होता. ती घरची मिरी होती. मिंग रीमनं नेहमीच्या बरणीतून भरली होती.

आपल्या घरात कोणती मिरी खातात, नारिथ? निवडून टाकलेली! चाळणीखालची गाळसाळ! चांगली मिरी व्यापाऱ्याकडे जाते, उरलेली आपल्या वाटीत. तुझं-माझं सगळं बालपण त्या मिरीवर गेलं. आणि चाचणीसाठी मी तुला काय पाठवलं? सगळे दाणे एका मापाचे, विकायची मिरी. मी तुला ती मायेनं पाठवली होती, आपलं काहीतरी उत्तम तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून. तू त्या उत्तम मिरीसाठी उत्तम जातं केलंस. आणि आपल्या घरात तिचा एक दाणा नव्हता. मिरीवाल्याच्या पोरांनाच होऊ शकते अशी चूक आहे ही.

मी ताबडतोब भांडारातून पहिल्या प्रतीची मिरी विकत आणली. चुलीपाशी पांसमोर ठेवली.

"ही घाला जात्यात," म्हणाले. "हिच्यानं अडकत नाही."

त्यांनी चिमूटभर हातात घेऊन परत पिशवीत टाकली. "विकायची मिरी खायची नसते."

मग मी पेटले. संघाच्या सभेत बोलते ते सगळं ऐकवलं. पिकवणाऱ्यानं कचरा खावा आणि न पाहिलेल्या माणसानं सोनं खावं, ही कुठली रीत? गुलामी मनात मुरली की तिला साधेपणा म्हणतात. स्वतःच्या घामाचं पहिलं फळ स्वतःच्या ताटात पडलं पाहिजे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" म्हणाले. "टाळ्या वाजवू? एकाच हातानं वाजत नाहीत."

"पा, चेष्टा नको."

"थावी, कचरा कुणाला म्हणतेस? बंदूकवाल्यांच्या राजवटीत आमच्याकडून मिरीच्या वेली उपटून भात लावून घेतला, त्या वर्षांत मिरीचा एक दाणा दिसत नव्हता. तेव्हा कुणी ही गाळसाळ दिली असती तर मी कपाळाला लावली असती. खल कधी म्हणाला का, हा दाणा चपटा आहे, मी कुटणार नाही? जे यंत्र सरळ दाणेच खातं, ते आपल्या घरी कशाला आणलंस?"

मी हरले असं समजू नकोस, हा वाद तहकूब आहे, चांगली मिरी कधी ना कधी मी या टेबलावर आणणारच. पण त्या क्षणी मला त्यांचंच पटलं. मी इतकी वर्षं माणसांबद्दल जे बोलत आले ते त्यांनी दाण्यांबद्दल बोलून दाखवलं होतं.

मग मी सांगून टाकलं. "नारिथनं केलंय ते."

ते चुलीतलं लाकूड सारत राहिले. मला वाटलं, आता जातं विहिरीत जाणार.

"तरीच," म्हणाले. "घरची मिरी विसरला."

"विसरला नाही. मी त्याला चुकीची पाठवली."

दुपारी मी भांडारातून परत आले तर दारात पिशवी होती, घरची मिरी, काठोकाठ. तोंड दातात धरून एका हातानं बांधलेली असावी, गाठ ओली होती. तीच तुला पाठवतेय. सोडताना जपून.

थावी


८ जून

नारिथ,

तिसरं जातं पोचलं आणि सोबत तुझी चिठ्ठी: "पा काय म्हणाले?" त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी फार उशिरा म्हटलं. आधी काय केलं ते ऐक.

तू दातांचं जे केलंस ते मला समजलं. वरचं तोंड रुंद, तिथे खोल दात, ते नुसते फोडतात. मोठा दाणा, देठ, काहीही येवो, आधी फुटतो, मग खालचे बारीक दात दळतात. बारका दाणा निसटून खाली गेला तरी तिथे त्याच्यासाठी बारीक दात आहेतच. मी घरची बरणी त्यात रिकामी केली, वर मुद्दाम मूठभर देठ टाकले. तुझ्या त्या यंत्रानं निमूटपणे सगळं खाल्लं. संघातल्या दोन बायांनी पाहिलं. एकीची सासू अशीच बसून असते. तिच्यासाठी एक लागेल, पण ते नंतर बोलू.

या वेळी सण नव्हता, पाहुणे नव्हते. साधा मंगळवार. मिंग रीमनं समुद्रावरून खेकडे आणले होते. मी जातं टेबलावर ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन एवढंच म्हणाले, "नारिथनं परत पाठवलंय. घरची मिरी घातलीय." आणि निघून आले. बोलावलं नाही.

भात वाढून झाला तेव्हा पाय ओढत येण्याचा आवाज आला. आम्ही कुणी मान वळवली नाही. ते बसले. तळवा ठेवला. एकदा दाबलं, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यालाही मिरी पडली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. वाटी ओढून बोट लावून पाहिलं.

"जाड आहे," म्हणाले.

बाजूचा खिट्टा फिरवला. पुन्हा दाबायला लागले. पुन्हा बोट. "आता फार बारीक." पुन्हा खिट्टा. कसली घाई नव्हती त्यांना. आम्ही सगळे ताटांसमोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो, मुलंसुद्धा. घरातल्या मोठ्याचा मान म्हणजे पहिला घास, असं मी समजत आले होते. तसं नाही रे. मान म्हणजे त्याला आपल्याला थांबवून ठेवता येणं.

मिंग रीमला किती वेळ धीर निघणार! "बाँग, खेकडे गार होऊन पुन्हा चालायला लागतील समुद्राकडे. आवरा की!"

पांनी तिच्याकडे पाहिलं आणि आणखी दोनदा दाबलं. अगदी सावकाश. नंतर मीठ घेतलं, अर्धं लिंबू डाव्या मुठीत पिळलं, कालवलं. पण खेकड्याला हात लावला नाही. वाटीकडे बघतच माझ्याशी बोलले.

"तो तिकडे मिरी कशी खातो?"

सहा वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल मला काही विचारलं नव्हतं. मला चुकीचं ऐकू आलं की काय, असं क्षणभर वाटलं.

"माहीत नाही, पा."

"कुटतो, की दुकानातली पूड आणतो?"

"खरंच माहीत नाही."

"मग विचार," म्हणाले, खेकड्याची नांगी उचलली, वाटीत बुडवली आणि तोंडात घातली. मग आम्ही जेवलो.

तर, विचारते आहे. मात्र उत्तर माझ्या नावानं पाठवू नकोस. प्रश्न माझा नव्हता.

थावी